घट्ट मोजे

बाथरूममध्ये बादली कलंडली आणि पाठोपाठ सुनेची हाक आली, "बाबा!"

मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. सात आठवड्यांत तिच्या तोंडून त्यांच्यासाठी निघालेला हा पहिला शब्द.

"बाबा, लवकर या. कडी काढलीय."

सातवा महिना भरत आलेली सून भिंतीला धरून उभी होती. गाऊन गुडघ्यापर्यंत वर. डाव्या पोटरीवरून रक्ताची बारीक, सलग धार लागली होती आणि ओल्या फरशीवर पसरून आहे त्याच्या दसपट दिसत होती.

"पाय पुसताना नख लागलं. फुगलेली शीर फुटली." तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"खाली बस. आता आडवी हो, जरा कुशीवर."

"इथे?"

"इथेच."

मास्तरांनी टॉवेलची गुंडाळी तिच्या डोक्याखाली सरकवली, गुडघे टेकले, तिचा पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि रुमालाची घडी ठेवून अंगठ्याने दाबली. रुमाल लाल झाला. त्यांनी आणखी जोर लावला. पोटरीभर जांभळ्या शिरा गाठीगाठींनी वर आल्या होत्या. इतके दिवस हे पाय घरात वावरत होते, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"बाळ हलतंय?"

ती पोटावर हात ठेवून पडून राहिली. नळ टपटपत होता. मास्तर मनातल्या मनात साठापर्यंत मोजत होते, पुन्हा एकपासून, पुन्हा साठापर्यंत. चौथ्या खेपेला आकडे चुकले.

"हललं," ती म्हणाली.

त्यांनी अंगठा मात्र उचलला नाही.

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. चपला-बुटांच्या दुकानात चाळीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाचं पाऊल नुसतं बघून नंबर सांगायचे, म्हणून बाजाराने त्यांना मास्तर करून टाकलं. सून पार्लरमध्ये केस कापायची, दिवसभर उभ्याने. पाचवा महिना सरता सरता एकदा जेवताना ते म्हणाले होते, "आता हे उभ्याचं काम सोड." ती तिथल्या तिथे म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षं लोकांपुढे गुडघे टेकलेत. तुम्हाला कोणी म्हटलं का, सोडा म्हणून?" मास्तर भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून अबोला. ती चहा टेबलावर ठेवायची, ते प्यायचे आणि कप विसळून पालथा घालायचे. मुलगा जहाजावर, यायला अजून दोन महिने. घरात बोलायचा तो फक्त फ्रिज.

रक्त थांबल्यावर त्यांनी टॅक्सी बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब घेतला, पोटरीवर पट्टी बांधली. मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "मागच्या महिन्यात घट्ट मोजे लिहून दिले होते. घातले नाहीत?"

"आणलेत."

"मग?"

"पोट मध्ये येतं. वाकताच येत नाही. आणि ते एकटीला चढत नाहीत."

"घरी कोणी नाही का?"

सून कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंची नजर बाजूच्या खुर्चीकडे गेली. मास्तर स्वतःच्या बाहीवरचा रक्ताचा डाग बघत होते. इथे येईपर्यंत जिभेवर घोळवलेलं एक वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं. ते त्यांनी डागावरून नजर न काढता म्हटलं.

"काम बंदच करायला हवं ना?"

"बंद कशाला? दोन दिवस विश्रांती, मग जाऊ दे. एका जागी ताटकळत उभं राहायचं नाही. मध्ये मध्ये चालायचं, बसलं की पाय वर घ्यायचे. आणि मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी. उठल्यावर पाय सुजतात, मग झटापटच होते. पुन्हा रक्त आलं तर आज केलंत तेच करा आणि लगेच इथे या. बाळंतपणानंतर हे बरंचसं उतरतं."

परतीच्या टॅक्सीत दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं:

"मोजे कुठे आहेत?"

"कपाटात. सगळ्यात खाली."

पाकिटाचं सीलही फुटलेलं नव्हतं. संध्याकाळी मास्तरांनी आतला कागद दोनदा वाचला. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी बोटं, मग टाच बसवायची, मग थोडा थोडा वर. त्यांनी तो पाण्याच्या बाटलीवर चढवून पाहिला. तीनदा निसटला. चौथ्यांदा बसला.

सकाळी साडेसहाला त्यांनी सुनेच्या दारावर टकटक केली.

"उठलीस?"

"जागी आहे. उठले नाही."

मास्तर आत आले, पलंगाशी गुडघे टेकून बसले. सुनेने दोन्ही पाय चादरीखाली ओढून घेतले.

"बाबा, नको. तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा म्हणजे..."

"मग काल खांद्यावर कोणाचा पाय होता?"

"काल रक्त होतं."

"ते आज येऊ नये म्हणूनच आलोय. डावा दे."

बऱ्याच वेळाने डावा पाय बाहेर आला. मास्तरांनी टाच तळहातावर घेतली. बोटं बसली. टाच बसली. पट्टीपाशी आल्यावर त्यांनी श्वास रोखून मोजा अलगद वर घेतला.

"त्या दिवशी जेवताना मी जे बोलले..." ती छताकडे बघत म्हणाली.

"खोटं काय होतं त्यात? जन्मभर लोकांचे पाय धरले. आणि घरात..." त्यांनी गुडघ्याखालची सुरकुती तळहाताने सपाट केली. "घट्ट होतंय?"

"नाही."

"बोटं हलवून दाखव."

तिने बोटं हलवली. मग एकेक शब्द तोलत म्हणाली, "परवापासून मी पार्लरला जाणार आहे."

मास्तरांचा हात मोज्यावर थांबला. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"किती वाजता निघतेस?"

"साडेनऊ."

"मग मला सहाचा गजर लावायला हवा. मोज्याला वेळ लागतो."

त्यांनी पाकिटातून दुसरा मोजा काढला आणि मान खाली घालून तो टाचेपर्यंत उलटा केला. मान वर केली, तेव्हा उजवा पाय चादरीबाहेर आला होता.