मागच्या बाकावरचा हात

जावई चहाला हात लावेना, तेव्हाच मी ओळखलं की आजचं प्रकरण साधं नाही. एरवी माझ्या हातचा चहा दोनदा मागून पिणारा माणूस, पण आज पोलिसाची टोपी मांडीवर ठेवून तिच्याकडेच बघत बसला होता. लेक दाराला टेकून उभी होती. आणि आमचे हे खुर्चीत असे ताठ बसलेले, जणू घरातच कोर्ट भरलंय.

"बाबा, खोटं बोला असं मी म्हणतच नाही," जावई म्हणाला. "पाहिलं नाही, एवढंच म्हणा."

"पण मी पाहिलंय," हे म्हणाले.

झालं.

हे कोर्टात पट्टेवाले. साक्षीदाराला हाक मारायची, पिंजऱ्यात उभं करायचं, त्याचा हात त्याच्या धर्मग्रंथावर ठेवायचा आणि शपथ वदवून घ्यायची, हे त्यांचं काम. उभी हयात त्यात गेली, म्हणून सगळं कोर्ट त्यांना 'शपथवाले' म्हणतं. नळावर हात धुतल्याशिवाय त्या ग्रंथाला कधी शिवायचे नाहीत. वकील चेष्टा करायचे, हे आपले हात पुसत राहायचे.

घडलं होतं ते असं. जावई एका कैद्याला तारखेसाठी कोर्टात घेऊन आला होता. चोरीचा आरोप असलेला तरुण, हातात बेड्या. जिन्यात तो काहीतरी उलट बोलला, जावयाचं डोकं फिरलं आणि त्याने त्याला ढकलून दिलं. खाली पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. जावयाने मात्र वरिष्ठांना सांगितलं की कैदी पळायला गेला आणि पडला. त्यामुळे मोडक्या पायाच्या त्या माणसावर पळून जायच्या प्रयत्नाचा आणखी एक खटला चालू झाला. जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा जग घेऊन उभे होते ते एकटे आमचे हे. आता त्या कैद्याच्या वकिलाने ह्यांनाच साक्षीला बोलावलं होतं.

मी जावयाच्या बाजूची होते, लपवत कशाला? माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मला उचलून जिने चढवले ते यानेच. एका क्षणाच्या रागापायी त्याची नोकरी जावी, लेकीचा संसार उघड्यावर यावा, हे कुठल्या आईला बघवेल?

लेक निघताना दारात थांबली. बापाचा फार जीव तिच्यावर. हे दर रविवारी चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचतात. ती लहान असताना माईक सारखा बिघडायचा. मग ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायची आणि आवाज पोचला की हात वर करायची. पुढे नवा माईक आला, तिचं लग्न झालं, तरी दोघांची ती सवय सुटली नाही. पहिलं वाक्य वाचून हे थांबणार, मागे बघणार, तिचा हात दिसला की पुढे वाचणार. फादरसुद्धा त्याला सरावले होते.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही ही साक्ष दिलीत, तर रविवारी माझ्या हाताची वाट बघू नका."

ह्यांनी जावयाचा गार झालेला चहा उचलून आत नेला.

ते दोघं गेल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "अहो, पेत्र प्रभूचा पट्टशिष्य, पण त्यानेही प्रभूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं. तरी प्रभूने आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हवाली केली ना? मग तुमचंच एवढं काय अडलंय?" जन्मभर प्रवचनं ऐकून हा मुद्दा मी शोधून काढला होता आणि मला त्याचा चांगलाच तोरा चढला होता.

"कोंबडा आरवला आणि खोटं बोललेल्या पेत्राला जाग आली," हे म्हणाले. "तो माणूस माझ्यामुळे तुरुंगात गेल्यावर मला कोण जागं करणार?"

मी भांडी आदळली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी फादरकडे गेले. वाटलं, ते तरी समजावतील. येत्या रविवारी न्यायखात्यातल्या लोकांसाठी दरवर्षीची खास मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती आणि वाचन ह्यांच्याकडेच होतं. बायबलमधला मोशे न्यायाधीशांना बजावतो, की निवाडा करताना कुणाचं तोंड बघू नका, लहानाचंही मोठ्याइतकंच ऐका, तो उतारा. फादरने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्यांना जड जात असेल तर वाचन दुसऱ्या कुणाला देऊ का? मी तो निरोप घरी आणला.

"नको," हे म्हणाले. "साक्ष शुक्रवारी आहे, वाचन रविवारी. आधी करतो, मग वाचतो."

शुक्रवारी मी कोर्टात मागे जाऊन बसले. ह्यांनी नळावर हात धुतले आणि पिंजऱ्यात चढले. तिथल्या पट्टेवाल्याने बायबल पुढे केलं. ह्यांनी सवयीने ते आपल्या हातात घेतलं, समोरच्या वकिलापुढे धरलं आणि म्हणाले, "उजवा हात ठेवा आणि माझ्यामागून म्हणा."

सगळं कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीश बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "शपथवाले," त्या हळूच म्हणाल्या, "आज तुम्ही म्हणायचंय."

ह्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आपला हात त्या ग्रंथावर ठेवला आणि कुणी न सांगता अख्खी शपथ म्हटली. माणूस पळत नव्हता, पायरीवर थांबला होता, जावयाने दोन्ही हातांनी ढकललं, सगळं सांगितलं. आवाज मागे माझ्यापर्यंत नीट पोचत होता.

सरकारी वकिलाने विचारलं, जावयाशी काही वैर आहे का?

"वैर कसलं, साहेब? मुलासारखा आहे मला. म्हणून तर इथे उभं राहायला इतकं जड गेलं."

कुबड्या घेऊन बसलेला तो तरुण रडायला लागला. त्याच्यावरचा पळण्याचा खटला संध्याकाळच्या आत निकालात निघाला आणि जावई निलंबित झाला. बाहेर हे त्याच्याजवळ गेले. चांगल्या वकिलाकडे जाऊ, मी येतो बरोबर, म्हणाले. तो जिना उतरून गेला. लेक त्याच्यामागून गेली, तिने वळूनही पाहिलं नाही. मी तिच्यामागे दोन पावलं गेलेही. पण कुबड्या टेकत तो तरुण माझ्यासमोरून गेला, आणि ह्यांना दोष द्यायचं मी सोडून दिलं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. न्यायाधीश, वकील, पोलीस, सगळे आपापल्या चांगल्या कपड्यांत. हे वर गेले, पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. मागे बघितलं. मागचं बाक रिकामं होतं.

हे थांबूनच राहिले. कुणीतरी खोकलं. फादरने मान वर केली. ह्यांचे ओठ हलत होते, पण शब्द काही फुटेना.

मी दुसऱ्या बाकावर होते. उठले. गुडघे कुरकुरत होते, तरी सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने चालत गेले, मागच्या बाकापाशी उभी राहिले आणि हात वर केला.

ह्यांनी चष्मा सावरला आणि पुढचं वाक्य वाचलं. वाचन संपेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.