माहीत असताना

बाबा गेले तेव्हा त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ, शेवटी डोकं. अकरा वर्षं आईने त्यांना भरवलं, पुसलं, वेळप्रसंगी खाटेला बांधूनही ठेवलं. हा आजार रक्तातून येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. चाळिशीच्या आसपास सुरू होतो. तपासणीत आधी कळतं, पण औषध नाही.

मुलं दोन, दादा आणि धाकटी. बाबांचा पुस्तकबांधणीचा कारखाना दोघं मिळून चालवत. धाकटीने तपासणी करून घेतली. तिच्यात आजार होता. तिने आणि तिच्या नवऱ्याने मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. दोन महिने ती कुणाशी धड बोलली नाही. मग पुन्हा सुई-दोरा घेऊन पुस्तकांच्या शिवणीला बसली. दादा मात्र तपासणीचं नाव काढू देत नव्हता. "मरणाची तारीख विचारायला मी कुठे जात नसतो," म्हणायचा. त्याची मुलगी ठमी तेव्हा नऊ वर्षांची होती.

एका रविवारी सगळे दादाकडे जेवायला बसले होते. वाढता वाढता वहिनी म्हणाली, "ठमीला सोबत हवी. दुसऱ्याचा विचार चाललाय आमचा."

धाकटीचा घास हातातच राहिला. त्याच आठवड्यात दादाने कापणीच्या यंत्रावर कागदाचे तीन गठ्ठे तिरके कापले होते. वीस वर्षांत कधी एक कापला नव्हता. तिने ते पाहिलं होतं आणि गिळलं होतं.

"आधी तपासून घे ना, दादा," ती म्हणाली.

"झालं सुरू!" दादाने ताट पुढे ढकललं. "तुला नाही झेपलं, म्हणून दुसऱ्यांनीही जन्माला घालायचं नाही?"

"झेपण्याचा प्रश्न नाही. त्या पोराने काय घोडं मारलंय तुझं?"

"कुठलं पोर? अजून आहे कुठे ते?"

"तेच म्हणतेय मी. अजून नाहीये. नाहीये तोवर कुणाचं काही बिघडत नाही."

"म्हणजे बाबांनी आपल्यालाही जन्म द्यायला नको होता. सरळ बोल की!"

"बाबांना माहीत नव्हतं. तुला माहीत आहे."

वहिनीने पातेलं आदळलं. "आणि आमची ठमी? ती झाली तेव्हा माहीत नव्हतं का आम्हाला? तोंडावर सांगा वन्सं, की ती व्हायला नको होती!"

ठमी शेजारीच बसली होती. धाकटी काही बोलली नाही. ते न बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

दादा आईकडे वळला. "आई, तू सांग हिला. तुला आधी कळलं असतं, तर तू आम्हाला जन्म दिला नसतास का?"

आई भात कालवत होती. तिने हात थांबवला नाही.

"नसता दिला," ती म्हणाली.

"आई!"

"विचारलंस म्हणून सांगितलं. तुम्ही आहात तर तुमच्यावर जीव आहे माझा. पण कळलं असतं, तर नसता दिला."

दादा उठला आणि बाहेर निघून गेला. धाकटीला वाटलं होतं, आई आपल्या बाजूने बोलली तर बळ येईल. प्रत्यक्षात ती अर्ध्या ताटावरून उठली.

महिन्याभरात कारखान्याच्या मधोमध लाकडी फळ्यांची भिंत उभी राहिली. यंत्र दादाकडे गेलं, शिवणीच्या चौकटी धाकटीकडे. आई दोघांकडेही राहायला गेली नाही. तिने दोन गल्ल्या पलीकडे एक खोली घेतली, आणि कुणी भेटायला आलं तर त्या रविवारचा विषय काढू द्यायची नाही.

वर्षभराने दादाला मुलगा झाला. तपासणी त्याने केली नव्हतीच. आठ दिवसांनी धाकटी त्याच्या घरी गेली. वहिनीने दार उघडलं, पण वाट अडवून दारातच उभी राहिली.

"बघायला आलात की तपासायला?"

"बघायला."

"बाळ झोपलंय."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. वहिनीच्या मागून ठमी पुढे आली. वर्षात बरीच उंच झाली होती.

"आत्या," तिने विचारलं, "मी झालेच नसते तर बरं झालं असतं का गं?"

"नाही," धाकटी म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता. "अजिबात नाही, बाळा."

"आणि हा?" वहिनी म्हणाली. "याचं काय?"

धाकटीने तोंड उघडलं. 'त्याचंही तेच' एवढंच म्हणायचं होतं, आणि म्हटलं असतं तर बहुतेक आत घेतलं असतं तिला. पण ती उगाच जिन्याकडे बघत राहिली. तिला खरंच काही सांगता येईना, आणि खोटं बोलवेना.

वहिनीने दार लावून घेतलं. आतून दादाने विचारलं, "कोण होतं?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाली.