कापलेलं कडवं

माझा राग नऊ वर्षांचा आहे. लोणच्यासारखा मुरवलाय मी तो. वाढायची वेळ आल्याशिवाय बरणी उघडू नये, एवढी अक्कल मला आहे.

मी पद्माबाई, राहणार डोंगरकडा. एके काळी हिंगोलीपासून नांदेडपर्यंत भीमजयंती माझ्या गळ्याशिवाय होत नव्हती. चार कॅसेटी निघाल्या माझ्या. तेव्हा माझ्या डाव्या हाताला पेटी घेऊन रत्नपाल बसायचा. अकरा वर्षं बसला. माझ्या चुलीवरची भाकर खाल्ली आणि माझ्याच चाली उचलून शिकला.

आमच्या गाण्यात एक रीत आहे. ज्याने गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. कागद नाही, शिक्का नाही. ते कडवं हाच आमचा सातबारा.

पुढे कॅसेटी गेल्या, डीजे आले. रत्नपालने पेटी टाकली आणि वारंगा फाट्यावर डीजेचं दुकान थाटलं. माझं 'माय निघाली सभेला' त्याने स्वतःच्या आवाजात गायलं, खाली ठोका भरला आणि शेवटचं कडवं कापलं. माझं नाव गेलं. सुरुवातीला मात्र आरोळी आली, 'रत्नपाल साउंड!' दोन वर्षांत गाणं त्याचं झालं. माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात एक बाई मला विचारते, "मावशी, ते रत्नपालचं गाणं येतं का वो तुमाला?"

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. "माझं नाव काहून काढलं रे?"

तो वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, आता शेवटचं कडवं कोण ऐकून राहिलं? दोन कडवी झाली की पोरं दुसरं गाणं मागतेत. तुमचा जमाना गेला. घरी बसा, आराम करा."

मी घरी बसले. आराम मात्र केला नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या लेकीला, राणीला, म्हटलं, "मला नवी गाणी काढायची हायेत." राणी शाळेत शिकवते, तोलूनमापून बोलते. म्हणाली, "आई, एकोणसत्तर वय झालं. दम पुरंल का?"

"रत्नपालपुरता पुरंल."

नांदेडच्या स्टुडिओत सहा गाणी केली. वरचा सूर लागेना, खोकला यायचा, एकेक ओळ दहादा म्हणावी लागली. स्टुडिओवाला म्हणाला, मागे हळू संगीत ठेवू. मी म्हटलं, "ठोका घाल. पोरं नाचली पाह्यजेत." आणि पहिल्या गाण्यात मी आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली. नाव शेवटी ठेवलंच नाही, थेट ध्रुपदात घातलं:

'पद्माची लेक शाळेत गेली, भीमराया तुझ्यामुळं.'

कापा म्हणावं आता.

मग त्याच गाण्याचं शेवटचं कडवं लिहिलं. ते वाचून राणी माझ्याकडे बघतच राहिली. "हे काहून, आई?"

"राहू दे. ज्यानं ऐकावं तो ऐकणार न्हाई."

मार्चमध्ये गाणी मोबाइलवर आली. चौदा एप्रिलपर्यंत ते गाणं कळमनुरीच्या प्रत्येक रिक्षात वाजत होतं. त्या दिवशी तिथली जयंतीची मिरवणूक चार वाजता निघाली, सगळ्यात पुढे रत्नपालचा डीजे. मी आणि राणी चौकात उभ्या. पोरं त्याच्या गाडीला लटकून एकच गाणं मागत होती. त्याने आधी आपली तीन गाणी वाजवली. पोरं जागची हलेनात. शेवटी लावलं.

लावलं, पण हात त्याचा मिक्सरवरच. 'पद्माची' आलं की आवाज खाली ओढायचा, 'लेक शाळेत गेली'ला परत वर. पहिल्यांदा लोक गोंधळले. दुसऱ्यांदा आवाज पडला, आणि त्या रिकाम्या जागेत अख्खा चौक ओरडला, "पद्माची!" बाया, म्हातारे, लेकरं, सगळे. तो जितका आवाज ओढायचा, तितकं माझं नाव मोठं व्हायचं. त्याच्या कपाळावरचा घाम मला रस्त्याच्या या कडेवरून दिसत होता. मला दया आली का? अजिबात नाही. पोट भरल्यासारखं वाटलं.

दुसरं कडवं संपलं आणि नेहमीच्या सवयीने त्याने गाणं तोडलं.

गाडी आमच्यापाशी थांबली. तो खाली उतरला. "जय भीम, ताई. जिंकलात तुमी."

"जय भीम. गाणं पुरं ऐकलं का रे?"

"न्हाई. दोनच कडवी ठेवली, बाकी कापलं."

"राणी, त्याला शेवटचं ऐकव."

राणीने मोबाइल त्याच्या कानाशी धरला. माझाच थकलेला आवाज होता:

'पेटीवर बोटं रत्नपालाची,
साथ होती ती अकरा सालाची.'

त्याने मोबाइल हातात घेतला. पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. मान वर होईना.

"ताई, हे... हे लावतो ना आता. पुरं लावतो."

"लाव की," मी म्हणाले. "पण कोण ऐकून राहिलं?"

मागे पोरांनी दुसरं गाणं मागायला सुरुवात केली होती.