जबाबाखालचा अंगठा

"आजी, तो पेपर आधी उचल!" मित्रा दबक्या आवाजात म्हणाली. जिन्यात बूट वाजत होते.

मी पेपर गादीखाली सारला. पहिल्याच पानावर बातमी होती: आमच्या भाडेकरू हक्क समितीला दहशतवादी ठरवणारं विधेयक सभागृहात मांडलं. सभासदांनाही तुरुंग.

"अजून पास कुठे झालंय?" मी म्हटलं.

"पास होईपर्यंत कोण थांबतंय? समितीचं रजिस्टर पोलिसांनी उचलून नेलं ना परवा?"

नायगावच्या आमच्या चाळीत समिती मोर्चे काढायची, तशी संध्याकाळी गॅलरीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचीही. रिवाज असा होता, की सही जमली म्हणजे रजिस्टरमधल्या आपल्या अंगठ्यावर आपणच रेघ मारायची आणि शेजारी नाव लिहायचं. मी रेघ मारली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. शेजारच्या गंगुबाईने जिलेबी वाटली होती.

हवालदार चौकशीला आत आले. माझ्या नातीला सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती, पण ऑर्डर पोलीस पडताळणीवर अडली होती. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

"चहा टाकू, साहेब?"

"नको मावशी, भोईवाड्यात अजून तीन घरं करायचीत." ते नेमके त्या पेपरवरच बसले. कागद करकरला.

"काय वाजलं?"

"गादी जुनी झालीय," मित्रा म्हणाली. "चाळ पाडून टॉवर होतोय, तिथे गेलो की नवी घेणार."

"टॉवर फुकट नाही मिळत. मोर्चाबिर्चा काढला असेल ना मावशींनी?" ते हसत होते, पण पेन थांबलं होतं. "त्या समितीत होतं का घरातलं कोणी?"

"नाही," मी म्हटलं. मोर्चात लाठी बसलेला गुडघा मी पदराखाली घेतला.

त्यांनी जबाब लिहिला. "इथे सही करा."

पेन हातात घेतलं. रजिस्टरमध्ये सुंदराबाई चार असतील, पण माझी सही कोणीही ओळखेल. 'सुंदराबाई'मधला अनुस्वार मी वाटाण्याएवढा देते, त्यावरून गंगुबाई मला चिडवायची.

"साहेब, मला लिहिता येत नाही."

मित्राने मान खाली घातली.

हवालदारांनी माझ्या कपाळावर सरकवलेल्या चष्म्याकडे पाहिलं. काढायचा राहून गेला होता. मग त्यांनी गादीकडे पाहिलं. शेवटी पिशवीतून शाईचा पॅड काढला.

"डावा द्या, मावशी."

बूट जिना उतरून गेले. मित्रा ओला फडका घेऊन आली, अंगठा घासू लागली. शाई रेषांत बसली होती.

"साबण आणते."

"राहू दे."

मी पेपर बाहेर काढला. कडेच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहून पाहिलं. येत होतं. अनुस्वारही तेवढाच.

मग ती पट्टी फाडली आणि गॅसवर धरली.