डफडं ऐकू येईपर्यंत

बटण दाबलं की आधी अंगठ्याला कळतं, मग कानाला — टक् — आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना, की आकडे पळायला लागले... महिपतनं तिसऱ्यांदा दाबून पाहिलं. काळी, मुठीत मावणारी घडी. गळ्यात घालायची दोरी जुन्या घामानं ताठ झालेली. आतला सेल तेवढा नवा, आज सकाळीच अमरदीपनं आदिलाबादहून आणून बसवलेला.

“अठरा वर्सं झोपून व्हती काका, अन् पाहा कशी पळून राह्यली!” अमरदीप म्हणाला होता. पटाच्या कमिटीचा अध्यक्ष तो, वय बत्तीस, एक डोळा कायम मोबाइलवर. रविवारी गावात शंकरपट आहे, मधली बंदीची वर्षं सरल्यावर पहिलाच. चारशे फुटांची धाव, दोन बैल, एक हलका छकडा आणि छकड्यावर उभा — उभा म्हणजे वाकलेला, जवळजवळ बैलांच्या पाठीवर झोपलेला — धुरकरी. ही घडी तिथे टेबलावर मांडायची आहे, हार घालून. तिच्यामागे फ्लेक्स. फ्लेक्सवर चार फोटो आणि वर मोठ्या अक्षरात ‘पटाचे सर्वकाळचे चार वाघ’. कागदावरचा नमुना अमरदीप ओसरीवर ठेवून गेला आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता.

१. जीवन — ५.८१ सेकंद
२. पियुष — ५.९४
३. गोपालराव — ६.०२
४. अमृतराव —

अमृतरावापुढे आकडा नाही. तो घडीच्या आधीच्या काळातला, अमरदीपचा आजा. त्यावरून सकाळी भांडण झालं, म्हणजे अमरदीप आणि डफडंवाला नागेश भांडले आणि महिपत घडीकडे बघत बसला.

“आकडा नाई तं वाघ कायचा?” नागेशनं तंबाखू मळता मळता विचारलं. “मोजलं कोनं? तुह्या आजीनं?”

“तवा घडीच नव्हती ना बाप्पा. पन लोक सांगते...”

“लोक तं मलेबी देखणा म्हणते. अन् गोपालराव तिसरा काऊन? बाभळीचा छकडा वढून सहा शून्य दोन आनलं त्यानं. तुह्या पियुषचा छकडा पाइपाचा, एका हातानं उचलून घे. गोपालले पाइपावर बशवला असता तं?”

“मंग बैलबी पाहा ना. तवाच्या बैलाले सरकी, आताच्या बैलाले बदाम...”

“मानसाले भेटत नाई थे!”

“तेच म्हनून राह्यलो, नागेशकाका. असं करत बसलो तं कोनी कोनाच्या वर नाई न् कोनी खाली नाई. मानूस मरते, बैल मरते, छकडा मोडते. आकडा राह्यते. म्हनून जीवनकाका वर.” अमरदीपनं पेन पुढे केलं होतं. “तुमी करा दस्तखत. त्या वक्ताचे घडीवाले तुमी. तुमची गवाही पाह्यजे खाली.”

“संध्याकाळी ने.”

“काऊन? भावाचंच तं नाव हाये वर.”

भावाचंच.

(आकडा राहतो हे मात्र खरं. माणूस गेला तरी.)

ओसरीवरून पटाची जागा सरळ दिसते, नव्या चष्म्यातून तर बारीकसारीकही. कापूस निघालेल्या रानात पांढरी फक्की टाकलेली. पलीकडच्या टोकाला नागेश आणि दोघं-तिघं कुंपणाच्या खुंट्या ठोकत आहेत. घण वर जातो, खाली येतो, खुंटीवर बसतो — आणि मग, घण पुन्हा उचलायची वेळ झाल्यावर, आवाज येतो. ठण्. जणू तो दुसऱ्याच कुणाच्या घणाचा आहे. लहानपणी महिपत आणि जीवन नाल्याच्या काठावर बसून पलीकडे लाकूड तोडणारा माणूस बघायचे, तेव्हा जीवन म्हणायचा, दादा, त्याची कुऱ्हाड आधी पडते अन् मंग तिले आठवते का आवाज कराचा हाय... चार-पाच वर्षांचं पोर. हसू आलं होतं. आवाज मागून येतो हे महिपतला तेव्हापासून ठाऊक होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी कुणालाच, स्वतःलाही, म्हणू शकत नाही.

पटाची रीत अशी: सुरुवातीच्या टोकाला झेंडीवाला. तो झेंडी खाली पाडतो आणि त्याच क्षणी शेजारी डफड्यावर टिपरू बसतं. डफडं बैलांसाठी, लोकांसाठी. घडीवाला शेवटच्या रेषेवर, चारशे फूट लांब, आणि त्यानं झेंडी पाहायची. फक्त पाहायची, ऐकायची नाही. महिपतला घडी सोपवताना गोपालरावानं एवढंच सांगितलं होतं — कान बंद ठेव, महिपत.

आणि मग एका हिवाळ्यात झेंडी दिसेनाशी झाली. एकदम नाही. आधी तिचा लाल रंग गेला, मग काठी, मग झेंडीवाला माणूस म्हणजे नुसता एक उभा डाग... त्याला वाटलं धुकं आहे. दुसऱ्या गावच्या पटातही धुकंच. घडीवाल्याला दिसत नाही हे कसं सांगायचं? किनवटपासून माणसं जोड्या घेऊन यायची, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून. त्यांच्यात एकदा शब्द सुटला असता की महिपत आंधळा झाला, तर मागचे सगळे पट, सगळे निकाल... त्यानं कान उघडले. डफडं वाजलं की बटण. कुणाला काही कळलं नाही. आणि अन्यायही नव्हता कुणावर, हे त्यानं स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. बटणाला उशीर होऊन आकडा कमी पडायचा तो सगळ्यांचाच सारखा, पहिला तो पहिलाच राहायचा, दुसरा दुसरा. बक्षीस योग्य माणसाच्याच घरी जायचं.

त्याच हिवाळ्यात जीवननं पाच एक्क्याऐंशी आणलं.

रेषेवरून जोडी गेली तेव्हा तोंडात माती आली होती, अजून आठवते तिची चव. घडी पाहिली आणि महिपतला आपला आवाज ओळखू येईना. पाच एक्क्याऐंशी! सहाच्या खाली कुणी आलंच नव्हतं तोवर. गोपालरावानं स्वतःचा फेटा काढून जीवनच्या डोक्यावर ठेवला. बक्षीस म्हणून निर्मलहून आणलेली लाकडी बैलजोडी मिळाली, पिवळ्या झुली रंगवलेली, ती अजून आतल्या फळीवर आहे. आणि सुनयनानं, जीवनच्या बायकोनं, दाराच्या चौकटीवर ऑइलपेंटनं तो आकडा लिहिला, हळदीकुंकू लावून. त्यांचा सहा वर्षांचा पियुष गणतीचा पहिला मोठा आकडा शिकला तो तोच.

दिवाळीला महिपतनं चष्मा केला. झेंडी परत आली. लाल, स्वच्छ, काठीच्या टोकाला बांधलेली गाठसुद्धा दिसायची. पट सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यानं नागेशला रिकाम्या रानात पलीकडच्या टोकाला उभं केलं, एका हातात झेंडी दिली, दुसऱ्यात टिपरू, म्हणाला, घडी तपासून राह्यलो. झेंडी दिसली की बटण, डफडं ऐकू आलं की बटण. पस्तीस. पुन्हा. तेहतीस. अडतीस. पस्तीस. सेकंदाचे शंभर तुकडे केले तर त्यातले पस्तीस, कधी दोन कमी, कधी तीन जास्त. शून्य एकदाही नाही.

पुढच्या पटात सांगू.
पुढच्या.
या साली नको, जीवनचं मन...

जीवनला सहा चोवीस पडले. मग सहा एकोणीस. त्यानं बैल बदलले. छकड्याचं चाक बदललं. मटण सोडलं, वजन उतरवलं, गालफडं दिसायला लागली. रात्रभर... नाही, दिवसासुद्धा, जेवताना, ताटापुढे बसून तो हाताची बोटं उघडायचा, मिटायचा. शर्यत जिंकायचा तेव्हाही छकड्यावरून उतरून सरळ रेषेवर यायचा, लोक खांद्यावर घ्यायला धावायचे त्यांना ढकलून.

“दादा, किती?”

“सहा सतरा.”

तो मान हलवायचा. तसं हलवायचा जसं कुणी दूरच्या नातेवाइकाची वाईट बातमी सांगितल्यावर हलवतात. पहिला आलेला माणूस.

शेवटच्या पटाच्या आधीचा पट. धूळ खाली बसली नव्हती.

“दादा, किती?”

“सहा बारा.”

जीवन रेषेवरच खाली बसला. दोन्ही हात उलटे करून गुडघ्यांवर ठेवले, आणि कुणा तिऱ्हाइताचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत म्हणाला, “हात गेले माह्ये, दादा.”

मी घडी शून्यावर आणली.

पंधरा दिवसांनी तिसऱ्याच गावात, बैल हातातून तसूभरही सैल सुटू नयेत म्हणून त्यानं कासरा मनगटाला गुंडाळून घेतला. रेषा ओलांडताना चाक उडालं. बैल थांबले ते पार कापसाच्या पऱ्हाटीच्या रानात, आणि कासरा मनगटावरून सुटला नव्हता.

महिपतनं अडकित्ता बाजूला केला. कागद उलटा केला. मागची बाजू कोरी. अठरा वर्षं त्याला चूक माहीत होती, पण चुकीची बेरीज त्यानं कधी मांडली नव्हती. चूक म्हणजे त्याला एक आवाज वाटायचा, उशिरा येणारा, आकडा नव्हे. आज अमरदीपचं पेन हातात होतं म्हणून, किंवा गोपालरावाचं सहा शून्य दोन खाली पाहवेना म्हणून...

५.८१ आणि ०.३५.

सहा सोळा.

म्हणजे गोपालराव वर. आणि पियुष तर कधीचाच, दोन हंगामांपूर्वीच, बापाच्या पुढे. हे त्याला अपेक्षित होतं. पेन खाली ठेवताना हात थांबला. सहा सोळा. त्याच्याखाली, कुणी सांगितल्यासारखं, हातानं आपोआप लिहिलं — सहा बारा.

सहा बारा, सहा सोळाच्या आधी येतं.

त्यानं पुन्हा वाचलं. कमी आकडा पुढे. पटात हे शेंबड्या पोरालाही कळतं. रेषेवर बसून ज्या दिवशी जीवननं हात उलटे केले, त्या दिवशी तो आयुष्यात सगळ्यात वेगानं आला होता. स्वतःला मागे टाकून आला होता तो... आणि मी त्याला आकडा सांगितला, बरोबर सांगितला, शंभराव्या तुकड्यापर्यंत खरा, आणि तो ऐकून तो हरला.

ठण्, पटावरून.

दाराआड बांगड्या वाजल्या. सुनयना. ती उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून उभी असणार, पदर कपाळापर्यंत. महिपत तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. ती लग्न होऊन आल्यापासून त्याच्याशी सरळ बोललेली नाही. बोलायची ते रुख्मिणीला, महिपतच्या बायकोला — अक्का, त्यायले सांगा चहा झाला. चार वर्षांपूर्वी रुख्मिणी गेली. सुनयनानं सवय बदलली नाही. रिकाम्या पाटाकडे, रुख्मिणी जिथे बसायची तिकडे तोंड करून अजूनही तसंच, आणि महिपतही तिकडेच बघून उत्तर देतो. शेजारच्या बाया हसतात. या दोघांना त्यात काही वेगळं वाटत नाही. मधे एक माणूस आहे, एवढंच.

“अक्का,” आतून आवाज आला, “त्यायले इचारा, कागदावर नाव वरच हाये का?”

“आहे,” महिपत पाटाला म्हणाला.

ती गेली असं वाटलं.

“पियुष म्हंते, रविवारी बापाच्या आकड्याले हात लावतो. थे दारावरचं वाचून जाते तो रोज, बाहीर निंगताना. पाच चौऱ्याण्णव आनलं तरी म्हंते, अजून तेरा राह्यले, माय.” बांगड्या पुन्हा. “काल मी त्याचे कपडे धुतले. सदऱ्याच्या बाहीले आतून वळ हाये. कासऱ्याचा. गुंडाळून राह्यला तो.”

महिपतनं मान वर केली. ती दारात आली होती. आणि तिनं अक्का म्हटलं नव्हतं. पाट भिंतीपाशी होता तिथेच, पण ती तिकडे बघत नव्हती, पदर तेवढाच पुढे, आणि पदराखालून दोन थकलेले डोळे सरळ याच्यावर. एवढे पिकलेत हिचे केस? कधी?

“तुमी सांगा त्याले. माह्यं ऐकत नाई तो. तुमचं ऐकन. घडी तुमच्या हातात व्हती.”

हो. माझ्याच हातात होती.

सांगितलं की चौकटीवरचा आकडा पुसावा लागेल, आणि तो पुसायला हीच ओला फडका घेऊन उभी राहील. सांगितलं की हिला एकाच वाक्यात कळेल की नवरा यादीत पहिला नव्हता, आणि कशामुळे गेला, आणि कुणामुळे. यादीतली जागा — पहिली, तिसरी, चौथी — तिचं आता महिपतला काहीच वाटेना, इतकी वर्षं तिलाच जपत होतो असं समजत होतो... जपत होतो ते हे. या डोळ्यांचं दुसरीकडे असणं.

त्यानं तोंड उघडलं. कुठून सुरू करायचं? झेंडीपासून? की सहा बारापासून — की तुझ्या माणसाचे हात गेले नव्हते, शेवटपर्यंत नव्हते, ते सुधारत होते... हे आधी. बाकी सगळं त्याच्यामागून येऊ दे. घडी अजून मुठीत होती, आकडे कधीपासून पळत होते, त्यानं बघितलं नाही.

“सुनयना,” तो म्हणाला. हे नाव त्यानं तोंडानं कधीच घेतलं नव्हतं.

ओसरीसमोर लांब, रानाच्या टोकाला, नागेशचा घण खाली आला आणि खुंटीवर बसला. आवाज अजून यायचा होता.