सूप थांबेल तिथं फुली

बबिताला अक्षर कळत नव्हतं, पण गोष्ट कळायची. राणीसावरगावात हे सगळ्यात आधी उमगलं ते शेजारच्या पंकजाला. पंकजा बी.ए. झालेली, कथा लिहायच्या ध्यासानं पछाडलेली. परभणीच्या कार्यशाळेत तिला पात्र, प्रसंग, संघर्ष असं बरंच काही शिकवलं होतं, पण तिची कथा नेमकी कुठं खोटी पडते ते दाखवायला तिथं कुणाला सवड नव्हती. ते काम बबिताचं सूप करायचं.

ऊसतोडीहून परतलेली बबिता उन्हाळ्यात दुपारची ओसरीवर ज्वारी पाखडत बसायची आणि पंकजा समोर वही उघडून वाचायची. कथा खरी असेतो सूप चालायचं. खोटी पडली की थांबायचं. पंकजा लगेच तिथं पेन्सिलीनं फुली मारायची आणि विचारायची, "काय चुकलं, काकू?"

"तुझी बाई उसात पदरानं डोळे पुसायलीय. अगं, अंगात नवऱ्याचा सदरा, डोक्याला फडकं आवळलेलं. पदर काढती कुटून? मनगटानं पुसत्यात."

पंकजा खोडायची, नव्यानं लिहायची. तीन उन्हाळ्यांत तिचा हात चांगलाच बसला. बबितालाही त्याचा गर्व वाटायचा, आणि का वाटू नये? जन्मभर कोयता चालवलेल्या बाईला कुणीतरी विचारत होतं, हे बरोबर आहे का म्हणून.

एका दुपारी पंकजाची कथा अडून बसली. लेकराला मागं ठेवून उसाच्या फडावर गेलेली आई सहा महिन्यांनी घरी येते, पुढं काय? पंकजानं तीन तऱ्हांनी लिहून आणलं होतं. तिन्ही वेळा सूप थांबलं.

"मग तुमीच सांगा ना काकू, आईच्या मनात त्या येळी काय येतं?"

बबितानं सूप खाली ठेवलं. मग तिनं पंकजाचा हात धरून सुपातल्या दाण्यांवर ठेवला. "अन्नाची आण घे. हे भाईर जायचं न्हाई. कागदावर बी न्हाई."

पंकजानं आण घेतली, तेव्हा कुठं बबितानं तोंड उघडलं. लेक अर्पिता दोन वर्षांची असताना तिला सविताकडं, म्हणजे थोरल्या जावेकडं ठेवून बबिता आणि सटवाजी ऊसतोडीला गेले होते. परत आले तर पोर आईला बघून किंचाळली आणि रांजणामागं जाऊन लपली. घरदार हसलं. बबिताही हसली. "पर खरं सांगू? मला रडू आलं न्हाई. सुटले, आसं वाटलं बग. आता म्होरल्या साली सोडून जाताना जीव तुटायचा न्हाई." तेरा वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. सटवाजीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दिवाळी अंकात पंकजाची कथा आली, तिला बक्षीसही लागलं. दहावीतल्या अर्पितानं ती वाचली. नावं बदललेली होती, पण रांजण तोच होता. रांजणाचा किस्सा सगळ्या घराला पाठ. त्यापुढचं वाक्य मात्र तिला नवं होतं.

"आई, तुला खरंच सुटल्यावानी वाटलं व्हतं?"

न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. पण बबिताच्या तोंडून ते निघालं नाही आणि पोरीला जे समजायचं ते समजलं.

बबिता तडक पंकजाच्या दारात जाऊन उभी राहिली. "आण घेतली व्हतीस."

"नाव कुटं घातलंय तुमचं, काकू? अन् परीक्षक म्हणाले, त्या एका वाक्यावर कथा उभी हाय!" पंकजाचे डोळे चमकत होते. तिनं अंक पुढं केला, वर सही करून. वाचता न येणाऱ्या बाईला! केसानं गळा कापणारी माणसं अशीच असतात, त्यांना आपण काही कापलंय हे ठाऊकही नसतं. बबितानं अंकाला हात लावला नाही, तशीच मागं फिरली.

दरवर्षी फडाकडं ट्रॅक्टर निघाला की अर्पिता मारुतीच्या देवळापर्यंत मागं पळायची. यंदा ती सविताच्या उंबऱ्यातच उभी राहिली. "जा," ती म्हणाली, "सुटलीस."

गुढीपाडवा झाल्यावर बबिता परतली. पोरीनं तिला पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं, आणि ती आत निघून गेली.

आठ दिवसांनी पंकजा वही घेऊन आली. "काकू, माझं पुस्तक निघायलंय. ही शेवटची कथा. तुमी ऐकल्याबिगर मी देणार न्हाई."

बबितानं सूप पुढं ओढलं. "वाच."

कथेतली बाई ऊस तोडता तोडता गाणं गात होती. पाचटाच्या धुरळ्यात तोंड कोण उघडतं? सूप चालत राहिलं. बाईनं भरली मोळी एकटीनंच उचलून डोक्यावर घेतली. मोळीला दुसऱ्याचा हात लागतोच लागतो. सूप चालत राहिलं. बक्षिसाच्या तोऱ्यात पंकजा जुनी फुलीही विसरली होती: बाई पदरानं डोळे पुसू लागली. बबिताचे हात क्षणभर जड झाले, पण सूप चालतच राहिलं.

वाचून झालं तेव्हा सगळ्या वहीत एकही फुली नव्हती. पंकजानं पानं पुन्हा उलटून पाहिली. "काकू, एकदा बी थांबलं न्हाई!"

"थांबायला काय झालं? लय खरी हाय. आशीच छाप."

पंकजा पाया पडून घाईघाईनं निघाली. ती गल्लीच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत बबितानं सूप थांबू दिलं नाही.