गोठलेल्या तळ्यावरनं

जांबोटीच्या जयाबाईंना फिनलंडला लेकाकडे येऊन महिना होत आला होता, पण एवढ्या दिवसांत सून आरोहीशी त्यांचं सरळ असं बोलणं झालंच नव्हतं. भांडण नव्हतं काही. आरोही निपाणीच्या वकिलांची लेक, शिकलेली, मोजकं बोलणारी; सासूला आत्या म्हणायची. जयाबाईंचा उभा जन्म भातशेतीत आणि गुराढोरांत गेलेला. दोघी एकमेकींना बिचकून असायच्या, आणि सगळा कारभार विक्रमच्या तोंडून चालायचा.

"विक्रम, आत्यांना चहा हवा का विचार ना."

"विक्रम, तिला म्हनावं आमटीत मीठ कमी हाय."

दोघी एकाच टेबलाला समोरासमोर बसलेल्या, आणि विक्रम मधल्या मध्ये निरोप्या.

मार्चात विक्रमला सुट्टी मिळाली. त्यानं देशाच्या पार उत्तरेला, जंगलातली एक लाकडी खोली भाड्यानं घेतली. हॉटेलं आवाक्याबाहेरची, ही सगळ्यांत स्वस्त. म्हणजे वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. लाकडं आपली आपण फोडायची, तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून पाणी शेंदायचं, रांधून खायचं आणि निघताना झाडून-पुसून, पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवायची. गाडी रस्त्याच्या टोकाला राहायची. तिथून पुढं सामान घसरगाडीवर बांधून, ती दोरानं ओढत, उतारानं खाली उतरून, गोठलेलं तळं ओलांडून चालत जायचं.

खोली जयाबाईंना बघताक्षणी आवडली. एवढीशी, रानातल्या खोपीसारखी ऊबदार. त्यांनी लोखंडी चुलीवर गावचा तांदूळ शिजवला, झणझणीत पिठलं केलं, आणि तिघं घाम पुसत जेवली. पण ते तळं काही त्यांच्या पचनी पडलं नाही. येताना त्या विक्रमचा दंड धरून, डोळे गच्च मिटून, कणकुंबीच्या माउलीचा धावा करत आल्या होत्या. "पान्यावरनं मानूस चालतंय व्हय रं?" हेच तोंडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम बादली घेऊन पाण्याला निघाला आणि पायरीवरच्या बर्फावरून जो सटकला, त्याची किंकाळी ऐकूनच दोघी बाहेर धावल्या. गुडघ्याखाली पाय भलताच वळला होता.

कसंबसं त्याला आत ओढून घेतलं. आरोहीनं लाकडाच्या दोन फाळक्या लावून, ओढणी फाडून पाय बांधला. गाठी पक्क्या आवळल्या. फोनला तिथं रेंज नव्हती. रेंज होती ती थेट रस्त्याला, तळ्याच्या पल्याड. आणि दुपारनंतर वादळ येणार, हे खोलीच्या मालकानं आधीच बजावलं होतं.

आरोही बूट चढवू लागली. "मी रस्त्यापर्यंत जाऊन फोन करते. विक्रम, आत्यांना सांग, तोवर..."

विक्रम दात-ओठ खाऊन पडला होता. त्याच्याकडून निरोप पोचणार नव्हता. आरोही थबकली, मग सासूकडे वळली. "आत्या, मी जाऊन येते."

जयाबाई लेकाच्या पायाची बोटं चाचपत होत्या. ती गार पडली होती, निळसर झाली होती. "तू फोन करशील गं. पर ती मानसं हितं येनार कवा?"

"वादळाच्या आधी आली तर आली. नाहीतर उद्या. किंवा परवा."

"तवर ह्यो पाय ऱ्हायल का?"

आरोहीनं त्या गार बोटांना हात लावून बघितला.

"मंग दोघी मिळून न्हेऊया त्येला."

"माझ्याही मनात तेच होतं," आरोही म्हणाली. "पण तुम्ही त्या तळ्यावरून..."

"त्ये तळ्याशी गेल्यावर बघू."

घसरगाडीवर गादी टाकली, त्यावर विक्रमला घातलं, होती नव्हती तेवढी पांघरुणं लपेटून दोरानं बांधलं. आरोहीनं दोराचे दोन फास केले. एक स्वतःच्या छातीला, एक सासूच्या. आणि दोघी निघाल्या.

काठावर जयाबाईंचे पाय अडले. समोर पांढरंफेक मैदान, त्यावर वाट दाखवणाऱ्या काठ्यांची रांग, आणि तिच्या टोकाला पल्याडची झाडं, काडेपेटीच्या काड्यांएवढी. त्यांनी मागं वळून लेकाचं पांढरं पडलेलं तोंड बघितलं आणि पाऊल टाकलं. ह्या वेळी डोळे मिटायची सोय नव्हती. ओझं ओढणाऱ्याला वाट बघावीच लागते.

निम्म्यात आल्या असतील नसतील, तोच पायाखाली धडाम् असा आवाज झाला आणि गडगडत लांबवर गेला. जयाबाई जागच्या जागी खिळल्या.

"फुटलं गं! फुटलं!"

"नाही आत्या! जाड बर्फ ताण खातो ना, तेव्हा असा आवाज करतो. फुटत नाही तो."

"तुला भ्या न्हाय वाटत?"

"लई वाटतंय," आरोही म्हणाली. तिच्या पापण्यांवर हिम जमलं होतं. "पण थांबलं की जास्त वाटतंय."

सुनेच्या तोंडून 'लई' पहिल्यांदाच ऐकलं जयाबाईंनी. ही पोरगी आपल्याएवढीच भ्यालेली आहे आणि तरी उभी आहे, हे बघून त्यांच्या अंगात काहीतरी तटतटून भरून आलं. "मंग थांबायचंच न्हाय," त्या म्हणाल्या. "मी हं म्हनले की ओढायचं. हं!"

"हं!" आरोहीनं साथ दिली.

त्या एका हुंकारावर दोघींची पावलं जुळली. खाली बर्फ आणखी दोनदा गरजला. दोघींनीही ढुंकून बघितलं नाही.

खरा घाम काढला तो पल्याडच्या चढानं. घसरगाडी हातभर वर जायची आणि दोन हात खाली यायची. पश्चिमेकडून आभाळ काळवंडत होतं, वारा सुटला होता. आरोहीनं डोकं चालवलं. दोर वरच्या झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन घेतला. जयाबाईंनी खालून खांदा लावून रेटायचं, आणि जेवढा दोर सैल पडेल तेवढा तिनं खेचून धरायचा, म्हणजे गाडी मागं सरकणार नाही.

"आई, डावीकडनं... डावीकडनं घे," पांघरुणातून विक्रमचा आवाज आला.

"तू गप पड रं! तुला जन्माला घालताना बी एवढा जोर लागला न्हवता!"

आरोहीला हसू फुटलं, दोर सुटता सुटता राहिला. जयाबाईही हसल्या. हसत, धापा टाकत, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर दोर बदलत त्यांनी तो चढ मारला आणि घसरगाडी रस्त्यावर आणून उभी केली. आरोहीच्या फोनला रेंज आली; अँब्युलन्स निघतेय, तिथंच थांबा, असं पलीकडून सांगितलं. विक्रमला गाडीत घेऊन त्यांनी हीटर लावला. अँब्युलन्स येऊन पोचली तेव्हा पहिलं हिम भुरभुरू लागलं होतं.

अँब्युलन्समधल्या बाईनं पाय तपासला, तळ्याकडे बघितलं, काहीतरी विचारलं. आरोहीनं आधी सासूकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. त्या बाईनं हातमोजा काढून जयाबाईंचा हात हातात घेतला आणि चांगला घट्ट दाबला. भाषा कळायची गरज नव्हती.

वेळेत आणलात म्हणून पाऊल वाचलं, असं शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले. जयाबाईंनी दवाखान्यातूनच जांबोटीला फोन लावला. धाकटी जाऊ घाबरून विचारत होती, "आक्का, आता गं काय करायचं?" जयाबाई म्हणाल्या, "करायचं काय? केलं आमी!"

वादळ सरलं. विक्रमला अजून काही दिवस दवाखान्यातच काढायचे होते, आणि सामान तिकडे खोलीत पडलेलं. झाडलोट व्हायची होती, लाकडं फोडायची होती.

"आम्ही दोघी जाऊन येतो," आरोही म्हणाली. "एक रात्र राहू पण तिथं. हो ना, आत्या?"

"व्हय की."

"आई, तू? त्या तळ्यावरनं?" विक्रम उठून बसायला लागला.

"तू झोप," दोघी एका दमात म्हणाल्या.

आरोहीनं गाडी चालवली. चढाच्या माथ्यावर पोचल्या तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं आणि तळं डोळे दिपवत होतं. आरोही रिकामी घसरगाडी दोरानं हळूहळू खाली सोडू लागली.

"थांब," जयाबाई म्हणाल्या. त्यांनी कानाला रुमाल घट्ट बांधला आणि घसरगाडीत पुढं फतकल मारून बसल्या. "तू माघं बस."

"आत्या, अहो..."

"बस की गं!"

गाडी सुटली ती वाऱ्यासारखी. जयाबाईंची आरोळी साऱ्या रानात घुमली. उतार संपला तरी गाडी थांबेना. तळ्यावर गर्रकन फिरली आणि दोघी मऊ हिमात दोन बाजूंना फेकल्या गेल्या. जयाबाई उताण्या पडून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मग त्या उठल्या, अंगावरचं हिम झटकलं आणि चढाकडे बघत म्हणाल्या, "काय गं, आनी एकदा?"

आरोही दोर घेऊन आधीच चढायला लागली होती.